जड पाण्याचा माणूस : हॅरॉल्ड युरी

मंडळी, शिकागोच्या आसपास राहणाऱ्या आपल्यासारख्यांना पाण्याची सगळी रूपं घरबसल्या बघायला मिळतात. जून-जुलैतला गडगडाटी पाऊस, ऑक्टोबरमधली भुरभुर आणि मग डिसेंबरपासून मार्चपर्यंत ड्राइव्हवेवरून ढकलायचा बर्फ. हे सगळं शेवटी पाणीच. पण जुलैच्या पावसाचं पाणी आणि जानेवारीच्या बर्फाचं पाणी अगदी एकसारखं नसतं. चवीत फरक नाही, रंगात नाही. फरक असतो तो वजनात. हा फरक अतिशय बारीक, पण इतका नियमित की बाटलीवर तारीख लिहायची राहून गेली तरी प्रयोगशाळेतला माणूस ते पाणी उन्हाळ्यातलं की हिवाळ्यातलं हे बहुतेक वेळा सांगू शकतो.

या शास्त्राचा पाया ज्याने घातला तो हॅरॉल्ड युरी याच शहरात, शिकागो विद्यापीठात, १९४५ ते १९५८ अशी तेरा वर्षं होता. मी केमिकल इंजिनिअर. आमच्या पाठ्यपुस्तकात युरी एका ओळीत उरकला होता. ड्यूटेरियमचा शोध, १९३१, नोबेल, १९३४. परीक्षेला तेवढं पुरायचं. मी अमेरिकेत आलो तेव्हा तो जाऊन काही वर्षं झाली होती, त्यामुळे त्याला पाहण्याचा योग आला नाही. पण इथे आल्यावर त्याच्याविषयी वाचत गेलो आणि त्या एका ओळीच्या मागे केवढा मोठा माणूस उभा आहे ते कळलं. आपल्या अंकात त्याची ओळख करून द्यावी असं बरेच दिवस मनात होतं.

आधी थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, दोनच परिच्छेद! पाणी म्हणजे एच-टू-ओ हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण सगळे हायड्रोजन सारखे नसतात. साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा असतो, कारण त्याच्या केंद्रात एक न्यूट्रॉन जास्तीचा असतो. त्याचं नाव ड्यूटेरियम. ऑक्सिजनचंही तसंच. नेहमीचा ऑक्सिजन १६ वजनाचा, पण पाचशेत एखादा १८ वजनाचा निघतो. या भावंडांना समस्थानिक म्हणतात. हे किरणोत्सारी नाहीत, कायम टिकणारे आहेत. म्हणजे आपण पितो त्या प्रत्येक पेल्यात थोडं जड पाणी असतंच, आणि त्याने काही बिघडत नाही.

आता हे जड रेणू स्वभावाने जरा आळशी. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना ते मागे रेंगाळतात आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना मात्र सगळ्यात आधी खाली उतरतात. ढग समुद्रावरून जमिनीकडे, उष्ण प्रदेशाकडून थंडीकडे सरकत जातो तसतसा वाटेत पाऊस पाडत जातो आणि त्याच्यातली जड मंडळी कमी होत जातात. हिवाळ्यात हवा गार असल्यामुळे ढगातली बरीचशी वाफ वाटेतच संपलेली असते. म्हणून आपल्या अंगणात पडणारा जानेवारीचा बर्फ हलका आणि जुलैचा पाऊस त्या मानाने जड. शिकागोसारख्या, समुद्रापासून लांब असलेल्या ठिकाणी ऑक्सिजन-१८ च्या प्रमाणात या दोहोंत हजारी दहाच्या आसपास फरक पडू शकतो. ऐकायला कमी वाटतं, पण आजच्या उपकरणांना तो डोंगराएवढा आहे.

हे कोडं सुटायला सुरुवात झाली ती इंडियाना राज्यातल्या वॉकर्टन नावाच्या गावातल्या एका मुलामुळे. युरीचा जन्म तिथे २९ एप्रिल १८९३ रोजी झाला. वडील शिक्षक आणि ब्रेदरन नावाच्या एका शांततावादी ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. हॅरॉल्ड सहा वर्षांचा असताना ते क्षयाने गेले. आईने पुढे दुसरं लग्न केलं, तेही धर्मोपदेशकाशीच. घरात पैसा नव्हता. शाळा संपल्यावर कॉलेज परवडेना, म्हणून तीन वर्षं युरीने खेड्यापाड्यात मास्तरकी केली. आधी इंडियानात आणि मग माँटानात. खाणकामगारांच्या वस्तीवरच्या मुलांनाही त्याने शिकवलं. १९१४ मध्ये तो मिझुलाच्या माँटाना विद्यापीठात दाखल झाला. खर्च भागवण्यासाठी तो तंबूत राहायचा, खानावळीत वाढप्याचं काम करायचा आणि सुट्टीत रेल्वेच्या कामावर जायचा. आपल्याकडे माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या पिढीच्या गोष्टी आपण आजोबांकडून ऐकल्या आहेत. ही त्याच जातकुळीची. १९१७ मध्ये त्याला पदवी मिळाली ती प्राणिशास्त्रात!

पहिलं महायुद्ध आलं आणि प्राणिशास्त्र बाजूला पडलं. शांततावादी घरातला हा मुलगा फिलाडेल्फियात स्फोटकं बनवण्याच्या कामाला लागला, आणि असा रसायनशास्त्रात ओढला गेला. युद्धानंतर थोडे दिवस माँटानात शिकवून तो बर्कलीला गिल्बर्ट लुईस या नामवंत रसायनशास्त्रज्ञाकडे गेला आणि १९२३ मध्ये डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. पुढचं एक वर्ष कोपनहेगनला नील्स बोरकडे काढलं. मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. १९२६ मध्ये फ्रीडा डाउम या जीवाणुशास्त्रज्ञ मुलीशी त्याचं लग्न झालं, आणि १९२९ मध्ये तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आला.

१९३१ च्या उन्हाळ्यात बर्ज आणि मेन्झेल या दोघांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. हायड्रोजनचं वजन दोन वेगळ्या पद्धतींनी काढलं तर आकडे जुळत नाहीत; साडेचार हजारात एक जड हायड्रोजन असेल तर ते जुळतील, असा त्याचा मथितार्थ. युरीने लगेच काम सुरू केलं. त्याचा तर्क असा की द्रवरूप हायड्रोजन सावकाश उडू दिला तर हलके अणू आधी जातील आणि तळाशी जड अणू दाट होतील. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये फर्डिनांड ब्रिकवेड्डे यांच्याकडे द्रव हायड्रोजनची सोय होती. त्यांनी कित्येक लिटर द्रव उडवून तळाचा जेमतेम घनसेंटिमीटरभर गाळ युरीला पाठवला. पहिल्या नमुन्याने दाद दिली नाही. मग शून्याखाली २५९ अंशांच्या आसपास, कमी दाबाखाली तीच क्रिया पुन्हा केली. न्यूयॉर्कमध्ये युरी आणि त्याचा साहाय्यक जॉर्ज मर्फी यांनी त्या वायूचा वर्णपट काढला आणि जिथे अपेक्षा होती तिथेच जड हायड्रोजनची रेघ उमटली. तो दिवस थँक्सगिव्हिंगचा होता. घरी पाहुणे जेवायला थांबलेले आणि यजमान प्रयोगशाळेत!

गंमत पुढे आहे. चार वर्षांनी, १९३५ मध्ये, असं लक्षात आलं की बर्ज आणि मेन्झेल यांनी ज्या मोजमापावर भिस्त ठेवली होती त्या मोजमापातच चूक होती. आकडे मुळात बरोबर असते तर तफावत दिसलीच नसती आणि जड हायड्रोजन शोधायला कदाचित इतक्यात कोणी निघालंच नसतं. युरीने हे कधी लपवलं नाही.

१९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या युरीला मिळालं. डिसेंबरच्या समारंभाला मात्र तो गेलाच नाही, कारण फ्रीडाचे दिवस भरत आले होते. बाळ जन्मलं, सगळं सुखरूप पार पडलं आणि मग फेब्रुवारी १९३५ मध्ये स्वीडनला जाऊन त्याने आपलं व्याख्यान दिलं. बक्षिसाच्या रकमेतला वाटा त्याने ब्रिकवेड्डे आणि मर्फी यांना दिला. त्याच सुमारास त्याला कार्नेगी संस्थेकडून ७,६०० डॉलर संशोधनासाठी मिळाले, त्यातले निम्मे त्याने इसिडोर राबी या आपल्या तरुण सहकाऱ्याला देऊन टाकले. राबीने त्यातून जी उपकरणं उभी केली, त्या कामाला १९४४ मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. विद्यापीठातल्या ग्रँटच्या मारामाऱ्या ज्यांनी जवळून बघितल्या आहेत त्यांना यातली दुर्मीळता सांगायला नको.

जड पाणी म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र आठवायला हरकत नाही. अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या याच पाण्यावर चालतात. त्यांतलं मूळ द्रव्य म्हणजे युरीचं हे ड्यूटेरियम.

युरोपात हिटलर आल्यावर तिथले शास्त्रज्ञ जीव वाचवून अमेरिकेत येऊ लागले. त्यांना नोकऱ्या मिळवून देणं, राहायची सोय बघणं यात युरीने पुष्कळ खटपट केली. एन्रिको फर्मीचं कुटुंब १९३९ मध्ये इटलीहून आलं आणि युरी राहायचा त्याच न्यू जर्सीतल्या लिओनिया गावात त्यांनी घर घेतलं. लॉरा फर्मीने आपल्या आठवणींत लिहिलंय की त्यांच्या लॉनचं काय बिघडलंय ते युरीने येऊन बघितलं आणि हे सगळं क्रॅबग्रास आहे असं निदान केलं. नवीन देशात आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी असा एक शेजारी लागतो. आपल्यापैकी अनेकांना तो मिळाला आहे, काहींनी तो होऊनही दाखवला आहे.

दुसऱ्या महायुद्धात समस्थानिक वेगळे करण्यातला सगळ्यात जाणकार माणूस म्हणून युरेनियम-२३५ वेगळं काढण्याच्या कामाची धुरा कोलंबियात त्याच्यावर आली. शेकडो माणसं, लष्कराचा ताबा, गुप्तता, वरिष्ठांशी खटके. हे त्याला मानवलं नाही. हिटलरच्या आधी बॉम्ब आपल्याकडे यायला हवा एवढ्या एका भीतीपोटी तो काम करत राहिला. हिरोशिमानंतर त्याने अणुशक्ती लष्कराच्या हाती राहू नये म्हणून वॉशिंग्टनमध्ये जोर लावला, गावोगाव भाषणं दिली. १९५३ मध्ये रोझेनबर्ग दांपत्याला मृत्युदंड देऊ नका असं जाहीरपणे म्हणणाऱ्या थोड्या शास्त्रज्ञांत तो होता. त्या काळात अशा माणसांकडे संशयाने पाहिलं जायचं, त्यालाही ते भोगावं लागलं. स्वतःच्या विद्येचं असं फळ बघितलेला पन्नाशीतला माणूस मग काय करतो? काही जण गप्प होतात, काही प्रशासनात शिरतात. युरीने सगळे जुने विषय सोडले आणि शिकागोला येऊन शंखशिंपल्यांवर काम सुरू केलं!

त्याचं असं झालं. १९४६ च्या डिसेंबरात झुरिकला त्याचं व्याख्यान होतं. नंतरच्या चर्चेत पाउल निग्ली या स्विस प्राध्यापकांनी विषय काढला, की समुद्रातला चुनखडक आणि गोड्या पाण्यातला चुनखडक ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून वेगळे ओळखता येतील का. युरीने परत येऊन गणितं मांडली. त्यातून त्याच्या हाती भलतंच काही लागलं. शिंपला बनताना पाण्यातला किती ऑक्सिजन-१८ त्यात जाणार हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. म्हणजे शिंपला हा थर्मामीटर झाला, आणि प्राणी मेल्यावरही त्यातला पारा जागचा हलत नाही. अडचण एवढीच की एका अंशाला फरक पडतो हजारी फक्त ०.२ चा. इतकं बारीक मोजणारं उपकरण तेव्हा नव्हतं. सॅम्युएल एपस्टाइन, हाइन्झ लोवेनस्टॅम, चार्ल्स मॅककिनी अशा सहकाऱ्यांनी काही वर्षं खपून मास स्पेक्ट्रोमीटर सुधारलं.

१९५१ मध्ये त्यांनी स्कॉटलंडजवळच्या स्काय बेटावरचा एक जीवाश्म घेतला. हा बेलेम्नाइट, म्हणजे माकूळचा डायनोसॉरच्या काळातला नातेवाईक. त्याच्या दगडी काठीत झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. एकेक वर्तुळ खरवडून त्यांनी मोजलं. आकडे वर गेले, खाली आले, परत वर गेले. बालपण सोडलं तर त्या प्राण्याने तीन उन्हाळे आणि चार हिवाळे बघितले होते, आणि तो साधारण चार वर्षांचा होऊन वसंत ऋतूत मेला होता. पाण्याचं सरासरी तापमान १७.६ अंश सेल्सियस, ऋतूंमधला फरक सुमारे सहा अंश. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे ऋतू माणसाने पहिल्यांदा मोजले ते असे, आपल्या हाइड पार्कमध्ये बसून.

पण यात एक मेख होती. शिंपल्यावरून तापमान काढायचं तर तो ज्या पाण्यात वाढला त्या पाण्यात जड ऑक्सिजन किती होता हे आधी माहीत हवं. म्हणून निरनिराळ्या ठिकाणचं पाणी मोजणं भाग होतं. समुद्राचं, नद्यांचं, पावसाचं, बर्फाचं. हे काम एपस्टाइन आणि तोशिको मायेडा यांनी केलं. या बाईंबद्दल सांगायलाच हवं. अमेरिकेत जन्मलेल्या, जपानमध्ये वाढलेल्या, सतराव्या वर्षी परत आलेल्या आणि युद्धात निव्वळ जपानी वंशाच्या म्हणून कॅलिफोर्नियातल्या टूली लेकच्या छावणीत डांबल्या गेलेल्या. शिकागो विद्यापीठातून पदवी घेतल्यावर १९५० मध्ये युरीच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळालं ते काचेची भांडी धुण्याचं. थोड्याच दिवसांत त्या मास स्पेक्ट्रोमीटर चालवू लागल्या. पाण्यातला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमार्फत मोजायची जी पद्धत १९५३ च्या निबंधात एपस्टाइन आणि मायेडा या दोन नावांनी छापली गेली, ती पुढे जगभर वापरली गेली. समुद्रापेक्षा गोडं पाणी हलकं आणि थंड प्रदेशातला बर्फ सगळ्यात हलका, हे चित्र त्यातून स्पष्ट झालं.

त्याच सुमारास, जून १९५२ मध्ये, कोपनहेगनला विली डान्सगार्ड नावाच्या तरुणाने बियरच्या बाटलीत नरसाळं खोचून घराच्या बागेत पावसाचं पाणी धरलं आणि एकाच पावसात सुरुवातीचं आणि शेवटचं पाणी वेगळं असतं हे दाखवलं. मग त्याला ग्रीनलंडचा बर्फ सुचला. तिथे दर वर्षीचा बर्फ आदल्या वर्षीच्या बर्फावर बसतो, उन्हाळ्याचा थर जड, हिवाळ्याचा हलका. झाडाच्या वर्तुळांसारखी वर्षं मोजायची. १९६६ मध्ये कँप सेंच्युरीला सुमारे १,३९० मीटर खोल, पार तळापर्यंत भोक पाडलं गेलं आणि १९६९ मध्ये त्यातून एक लाख वर्षांच्या हवामानाचा आलेख समोर आला. आज हवामानबदलाच्या चर्चेत आपण जे जुने आलेख बघतो त्यांचं मूळ इथे आहे.

१९६१ पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना मिळून जगभरचा पाऊस महिन्याच्या महिन्याला बाटल्यांत भरून तपासत आहेत. त्या जाळ्यात मुंबईचा पाऊसही मोजला गेला आहे. आपल्या मॉन्सूनचा न्याय मात्र शिकागोपेक्षा निराळा. तिथे थंडी-उन्हाचा फरक थोडा, म्हणून तापमानापेक्षा पाऊस किती कोसळला यावर वजन ठरतं. धो धो पावसाचं पाणी हलकं, तुरळक सरीचं जड.

हे पाणी आपल्या अंगातही मुरतं. केस वाढताना त्यात आपण पितो त्या पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन थोडाफार जातो, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने पुण्याला राहून आलेल्या मुलीच्या वेणीत ते दोन महिने वाचता येऊ शकतात. मग हळूहळू मिशिगन लेकचं पाणी पुढे सरकत राहतं.

युरीकडे परत येऊ. १९५१ मध्ये त्याने एका व्याख्यानात सांगितलं की आदिम पृथ्वीवर मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ असावी आणि त्यातून सजीवांची द्रव्यं बनली असावीत. श्रोत्यांत स्टॅन्ली मिलर हा विद्यार्थी होता. वर्षभराने तो युरीकडे आला, मला हा प्रयोग करायचाय म्हणाला. युरीला ते धोक्याचं वाटलं. पोराची पीएच.डी. बुडायची. त्याने थोडी मुदत घालून परवानगी दिली. मिलरने काचेच्या भांड्यात वायू भरले, पाणी उकळत ठेवलं, विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि काही दिवसांत त्यात अमिनो आम्लं सापडली. निबंधावर दोघांची नावं घालायची पद्धत. युरीने आपलं नाव काढायला लावलं, कारण आपलं नाव असलं तर सगळं श्रेय आपल्याला जाईल आणि मिलर मागे राहील हे तो जाणून होता. मे १९५३ मध्ये तो निबंध एकट्या मिलरच्या नावाने प्रसिद्ध झाला.

१९५८ मध्ये युरी कॅलिफोर्नियातल्या ला होयाला गेला आणि तिथलं नवं विद्यापीठ उभं करायला हातभार लावला. आता त्याला चंद्राचं वेड लागलं होतं. चंद्र हा जन्मापासून थंड राहिलेला, सूर्यमालेच्या आरंभाचा गोळा आहे असं त्याचं मत, आणि तिथे माणूस पाठवावा म्हणून त्याने नासाकडे आग्रह धरला. १९६९ मध्ये अपोलोने दगड आणले. ते एकेकाळी वितळलेले होते. सत्तरी ओलांडलेल्या युरीने ते दगड स्वतः तपासण्यात भाग घेतला आणि आपली कल्पना टिकत नाही हे मान्य केलं. घरात थोरल्यांचं म्हणणं खोडताना जी शांतता पसरते ती आपण जाणतो. इथे थोरल्याने स्वतःच खोडलं.

५ जानेवारी १९८१ रोजी, ८७ व्या वर्षी, ला होयाला युरी गेला. त्याला पुरलं मात्र इंडियानात, डिकाल्ब काउंटीतल्या एका ग्रामीण दफनभूमीत. शिकागोहून गाडीने तीनेक तासांचा रस्ता आहे. आपल्यापैकी कोणी त्या बाजूने ओहायोकडे निघालात तर वाट थोडी वाकडी करा. आणि या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला की मुलांना सांगा, एका बाटलीत थोडा भरून, वितळवून, घट्ट बूच लावून ठेवा. जुलैत दुसरी बाटली पावसाची भरा. दोन्ही शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना काही वेगळं दिसणार नाही. तिथून पुढे कोणत्या माणसाची गोष्ट सांगायची ते आता तुम्हाला ठाऊक आहे.